व्हीएचएस कॅसेट संगणकावर घ्यायच्या आहेत : ८ हजारांत कोणतं हार्डवेअर घ्यावं?

फीतसंग्राहक

नमस्कार मंडळी. घरच्या आणि नातेवाइकांकडच्या मिळून एवढ्या कॅसेट संगणकावर उतरवायच्या आहेत:

व्हीएचएस ३४ (१९८८ ते २००२ मधली लग्नं, मुंजी, बारशी). त्यातल्या पाचसहा कोकणातल्या घरात होत्या, कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरट काहीतरी दिसतंय. एक व्हीएचएस अमेरिकेहून आलेली. हॅन्डीकॅमच्या ८ मिमी कॅसेट ६, मिनीडीव्ही ३.

लॅपटॉप आहे: विंडोज ११, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. व्हीसीआर नाही. बजेट ८ हजार, फार ताणलं तर १०. ऑनलाइन बघितलं तर यूएसबीची यंत्रं चारपाचशे रुपयांपासून १५ हजारांपर्यंत दिसतात आणि सगळ्यांची जाहिरात सारखीच. पैसे नेमके कशावर घालू? लग्नाच्या कॅसेट एकुलत्या एक आहेत, त्यामुळे प्रयोग करत बसायची भीती वाटते.

पश्चिमद्रुतगती

एव्ही टू एचडीएमआय डबी आणि एचडीएमआय कॅप्चर स्टिक. दोन्ही मिळून हजार-बाराशे. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका, रेकॉर्ड दाबा, झालं काम.

आडव्यारेषा

@पश्चिमद्रुतगती, हे काम होतं, पण कॅसेटमधलं निम्मं चित्र वाटेतच सांडतं. कसं ते सांगतो.

आपल्याकडचा सिग्नल पाल. म्हणजे ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या, आणि सेकंदाला २५ फ्रेम. पण फ्रेम एकसंध नसते. आधी एक आड एक रेषा, मग उरलेल्या, अशी दोन फील्ड असतात, म्हणजे सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण. लग्नात अक्षता पडताना, मुलं पळताना जी सहज हालचाल दिसते ती या ५० मुळे. स्वस्त डबी काय करते? दोन फील्ड कशीतरी एकत्र चिकटवते किंवा एक टाकून देते, चित्र ताणून १०८० करते आणि बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर बाहेर काढते. ५० चे ६० करताना मधेच फ्रेम दुप्पट होतात, कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके खातं. त्यापुढे स्टिक ते चित्र एमजेपेगमध्ये दाबते. पुढे कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणा, गेलेलं फील्ड परत मिळत नाही.

या स्टिकमध्ये बहुधा एमएस२१०९ चिप असते. ती आवाज ९६ किलोहर्ट्झ मोनो असल्याचं सांगते, प्रत्यक्षात तो ४८ चा स्टिरिओ असतो. डावं-उजवं एकामागे एक गुंफलेलं येतं आणि लोक आवाज चिरका का येतोय म्हणून केबल बदलत बसतात.

पश्चिमद्रुतगती

मान्य, पण फोनवर बघायचं असेल तर एवढं कोण बघतं? शिवाय त्या डबीचा एक गुण सांगा की. खराब कॅसेटवर सिग्नल तुटला तरी ती निळा पडदा दाखवून चालूच राहते.

आडव्यारेषा

फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर चालेल, आणि सिग्नल सहन करण्याचा मुद्दाही बरोबर. पण धागाकर्त्याच्या कॅसेट एकुलत्या एक आहेत. फीत परत परत चालवावी लागू नये म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण घ्यावं.

बेल्टदुरुस्त

व्हीसीआर दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. यूएसबीच्या यंत्रावर डोकं खपवण्याआधी व्हीसीआर बघा. ८ हजारांतले किमान ४ त्यावर जाऊ द्यात. नवीन व्हीसीआर मिळत नाहीत, शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे जे आहे ते जुन्या बाजारातलं. मुंबईत चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, नाहीतर ओळखीचा टीव्ही मेकॅनिक. ‘चालू आहे’ या शब्दावर विकत घेऊ नका. स्वतःबरोबर एक बिनमहत्त्वाची कॅसेट न्या आणि समोर एवढं करून घ्या:

१० मिनिटं प्ले. मग पूर्ण फॉरवर्ड, पूर्ण रिवाइंड. शेवटाकडे रिवाइंड मंदावलं किंवा अडलं तर बेल्ट सैल किंवा आयडलर (रिळं फिरवणारं रबरी चाक) गुळगुळीत झालाय. इजेक्ट करा. कॅसेटची झडप उघडून फितीची कड उजेडात आडवी धरून बघा. कडेला दुमड किंवा लाटा आल्या असतील तर तो व्हीसीआर फीत खातो, किंमत कितीही कमी असली तरी ठेवून द्या. मध्येच आपोआप बंद पडत असेल तर बऱ्याचदा मोड स्विच काळवंडलेला असतो, तो साफ होतो, त्याला घाबरू नका.

कव्हर उघडलं की आत पिंच रोलर दिसेल, काळं रबर. ते आरशासारखं चकचकीत झालं असेल तर फीत घसरते आणि आवाज लहरतो. रबर मऊ, काळपट-मंद दिसायला हवं.

हेड (फिरत्या ड्रमवर बसवलेलं, फीत वाचणारं टोक) साफ करणं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कोऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी. पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमच्या बाजूला एका बोटाने हलकी टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून हळूहळू फिरवा. पट्टीवर तपकिरी-काळी रेघ उमटेल. नवी पट्टी घ्या, रेघ उमटेनाशी होईपर्यंत. कागद वर-खाली कधीही घासू नका, हेडचं टोक केसापेक्षा बारीक असतं, उभ्या घासण्याने तुटतं. कापसाची काडी तर नकोच, तंतू अडकून हेड उपटतो. १० मिनिटं वाळू द्या, मगच कॅसेट.

टेकडीवरचा

ही पोस्ट वाचनखूण करून ठेवली. 🙏

आजीचीपेटी

पांढऱ्या डागांच्या कॅसेटचं आधी बघा. एकदोन दिवस कडक उन्हात ठेवल्या की बुरशी जाते. पापड-कुरडयांना चालतं तर यांना का नाही?

बेल्टदुरुस्त

ताई, कृपा करून उन्हात नको. फितीचा पाया पॉलिस्टरचा, त्यावर चुंबकीय कणांचा थर चिकटद्रव्याने बसवलेला. उन्हाने कवच वाकतं, फीत आकसते-ताणते आणि रेषा कायमच्या वाकड्या होतात. पांढरी पूड म्हणजे बुरशीच, ओळख बरोबर आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे हमखास होतं.

तशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. म्हणून बुरशीच्या शेवटी ठेवा आणि हे करा: घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर. मग मास्क आणि हातमोजे घालून, गच्चीत किंवा उघड्यावर. कॅसेट उलटी करा, खाली ५ स्क्रू असतात. ते काढून कवच सरळ धरून वरचा भाग उचला, रिळं हलू देऊ नका. कोणती पट्टी कुठून जाते याचा फोटो काढा. रिळाच्या चकतीवरची आणि फितीच्या कडेवरची पूड कोरड्या मऊ ब्रशने झटका. मग अल्कोहोलने ओलसर (भिजलेलं नव्हे) मायक्रोफायबर कापड फितीवर हलकं धरून हाताने एका रिळावरून दुसऱ्यावर. चुंबकीय थराच्या बाजूवर दाब अजिबात देऊ नका. शेवटी फीत एखाद्या रिकाम्या, स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवा. खराब कवच परत वापरू नका.

आजीचीपेटी

बरं झालं लिहिलंत. पेटीत अशाच तीन आहेत, उद्यापासून सिलिका जेलच्या डब्यात.

शटरस्पीड

आता मूळ प्रश्नाकडे, यूएसबीचं यंत्र. ‘इझीकॅप’ नावाने जे मिळतं ते एक यंत्र नाही, एकसारख्या दिसणाऱ्या डबीत पाच वेगवेगळ्या चिप विकल्या जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा:

०५ई१:०४०८ आला तर सिंटेक एसटीके११६०. चित्र ठीक, लिनक्समध्ये ड्रायव्हर आतच आहे. गोम आवाजात: काहींमध्ये वेगळी १६ बिटची आवाजाची चिप असते, काहींमध्ये पैसे वाचवायला आतला ८ बिटचाच वापरतात. भटजींचे मंत्र गाळणीतून आल्यासारखे खरखरीत ऐकू आले तर हेच कारण.

१बी७१:३००२ म्हणजे यूटीव्ही००७. १सी८८:०००७ म्हणजे सोमॅजिक. ईबी१ए ने सुरू झाला तर एम्पिया. आणि ५३४डी असेल तर मॅक्रोसिलिकॉन, तो ड्रायव्हरशिवाय वेबकॅमसारखा लागतो म्हणून आवडतो, पण आडव्यारेषा म्हणाले ते फील्डचं दुखणं इथेही तपासून घ्या.

तपासायची सोपी रीत: हालचालीचं १० सेकंदांचं दृश्य घ्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर दोन्ही फील्ड आलीत, आनंद माना. कडा गुळगुळीत किंवा दोन हात एकात एक मिसळलेले दिसले तर यंत्राने चित्र बिघडवलंय.

बजेटमध्ये सगळ्यात निर्धास्त म्हणजे हॉपॉजचं यूएसबी-लाइव्ह२, जुनं मिळालं तर. पाल आणि एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) दोन्ही घेतं, आवाज आणि चित्र एकाच घड्याळावर चालतं त्यामुळे तासाभराने ओठ आणि शब्द वेगळे होत नाहीत.

आडव्यारेषा

शटरस्पीडच्या यादीला सहमत, फक्त एक मतभेद. यूएसबीचं महागडं यंत्र घेण्याआधी सिग्नल स्थिर करा.

पालमध्ये ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो, एका फेरीत एक फ्रेम. एक रेषा ६४ मायक्रोसेकंदांची. ३० वर्षं जुनी फीत थोडी ताणलेली, मोटर थोडी थकलेली, त्यामुळे एक रेषा लवकर सुरू होते, दुसरी उशिरा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. यूएसबीचं यंत्र सांभाळत नाही: उभा दरवाजा पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलतो, वरच्या बाजूला चित्र झुकतं, फार बिघडलं तर फ्रेमच सुटते आणि तिथून आवाज सरकत जातो. हे सुधारणारं सर्किट म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. ते असलेले चांगले एस-व्हीएचएस व्हीसीआर बजेटबाहेर आहेत.

स्वस्तातला मार्ग: पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर. डीव्हीडी चालत नसली तरी चालेल, ट्रे बिघडलेला स्वस्तात मिळतो. व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर त्याच्या इनपुटला, त्याच्या आउटपुटमधून एस-व्हिडिओ यूएसबीच्या यंत्राला. रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. रेषा सरळ होतात. मेनूत लाइन-इन एनआर (नॉइज रिडक्शन) असतं ते बंद करा, नाहीतर चेहऱ्यांवर मेणाचा लेप दिल्यासारखं दिसतं.

टेकडीवरचा

मग डीव्हीडीवरच रेकॉर्ड का करू नये? एक्सपी मोडमध्ये एका तासाला एक डिस्क, आवाज कधीच सरकत नाही, नंतर फाइल संगणकावर कॉपी.

आडव्यारेषा

चालत्या स्थितीतला रेकॉर्डर असेल तर हा मार्ग मी स्वस्त एचडीएमआयपेक्षा नक्की वर ठेवीन, कारण फील्ड जशीच्या तशी राहतात. फक्त चार तासांच्या मोडमध्ये करू नका, त्यात बऱ्याच रेकॉर्डरवर रुंदी ३५२ वर येते आणि सगळ्या हलत्या दृश्यांत चौकोन पडतात.

जर्सीकर

अमेरिकेतल्या कॅसेटबद्दल: ती एनटीएससी असणार. ५२५ रेषा, सेकंदाला २९.९७ फ्रेम. भारतातले बरेच व्हीसीआर ती ‘चालवतात’, पण बाहेर पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल काढतात. टीव्हीवर रंग दिसतात, यूएसबीच्या यंत्रात एनटीएससी निवडलं तर काळं-पांढरं, पाल निवडलं तर चित्र वर धावतं. यंत्राच्या यादीत पाल-६० असेल तरच जमतं. व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूत एनटीएससी ३.५८ आउटपुट असेल तर तो निवडा, मग प्रश्न मिटला. एका कॅसेटसाठी मात्र वेगळा व्हीसीआर घेऊ नका. इकडे अमेरिकेत कोणी नातेवाईक असतील तर इथेच उतरवून फाइल पाठवणं सोपं, गुडविलसारख्या जुन्या सामानाच्या दुकानात एनटीएससी व्हीसीआर अजून दिसतात.

दुबई-मस्कतहून आलेल्या कॅसेटना ही भानगड नाही, तिकडे पालच.

शटरस्पीड

८ मिमी आणि मिनीडीव्ही राहिलंच. दोन्ही व्हीसीआरमध्ये जात नाहीत. व्हीएचएस-सी या छोट्या कॅसेटला ॲडाप्टर असतो, ८ मिमीला नसतो, कारण फीतच अरुंद आणि रेकॉर्डिंगची पद्धत वेगळी. ‘८ मिमी टू व्हीएचएस ॲडाप्टर’ कोणी विकत असेल तर घेऊ नका.

मिनीडीव्हीवर मुळातच डिजिटल डेटा आहे. तो पिवळ्या वायरने घेणं म्हणजे छापील पुस्तकाचा फोटो काढून पुन्हा टाइप करणं. कॅमेऱ्याच्या डीव्ही किंवा आय-लिंक खाचेतून फायरवायरने जसाच्या तसा उतरवायचा, तासाला साधारण १३ जीबी. कॅमेऱ्यावरच्या यूएसबीने बहुतेक मॉडेलमध्ये फक्त फोटो येतात. लॅपटॉपला फायरवायर नसतं. जुना डेस्कटॉप आणि त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स किंवा व्हिया चिपचं फायरवायर कार्ड हा स्वस्त मार्ग. लिनक्सवर डीव्हीग्रॅब, विंडोजवर विनडीव्ही.

८ मिमी चालवणं आणि डिजिटल करणं ही दोन्ही कामं एकाच खरेदीत हवी असतील तर सोनीचा डिजिटल८ हॅन्डीकॅम शोधा, जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेट चालवणारा. सगळे चालवत नाहीत, मॉडेलचं मॅन्युअल बघूनच घ्या. तो ८ मिमी चालवून फायरवायरने डीव्ही काढतो, टीबीसी आतच असतो.

टेकडीवरचा

व्हीएचएस-डिकोड या सॉफ्टवेअरबद्दल कोणीच बोललं नाही? व्हीसीआरच्या हेड अ‍ॅम्प्लिफायरमधून कच्चा आरएफ सिग्नल थेट घ्यायचा, टीबीसी आणि रंग सगळं सॉफ्टवेअरमध्ये. कोनेक्सन्टच्या सीएक्स२३८८एक्स चिपचं जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड पुरतं. महागड्या टीबीसीपेक्षा चांगलं चित्र मिळतं.

बेल्टदुरुस्त

मिळतं, खरंच मिळतं. पण त्यासाठी व्हीसीआरच्या सर्किटवर टेस्ट पॉइंट शोधून वायर सोल्डर करावी लागते, डेस्कटॉप लागतो, आणि २८.६ मेगाहर्ट्झ ८ बिट म्हणजे दाबण्याआधी तासाला १०० जीबी. आवाजाची वाट वेगळी. ३४ कॅसेटचा डोंगर असताना नको. त्यातल्या एकदोन, ज्यांत कोणीतरी आता नाही अशांचा आवाज-चेहरा आहे, त्यांच्यासाठी मात्र नंतर जरूर करा.

फीतसंग्राहक

सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं ठरवतोय: व्हीसीआर ४ हजारांपर्यंत, साफसफाई आणि बेल्ट ८००, यूएसबी-लाइव्ह२ जुनं ३ हजारांच्या आसपास मिळालं तर, नाहीतर एसटीके११६०. रेकॉर्डर १५०० पर्यंत मिळाला तर मध्ये लावेन. ८ मिमीसाठी ओळखीत कॅमेरा शोधतोय. सॉफ्टवेअरमध्ये काय निवडायचं? आणि ५१२ जीबीत बसेल का?

आडव्यारेषा

ओबीएस नको, ते फील्डच्या भानगडीसाठी नाही. व्हर्च्युअलडब२, कॅप्चर मोड. चित्र ७२० × ५७६, रंगांचा फॉरमॅट वाययूवाय२, २५ फ्रेम, कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओ. आवाज ४८ किलोहर्ट्झ १६ बिट. टायमिंगमध्ये आवाजाशी जुळवण्याची सोय बंद ठेवा आणि खाली ‘ड्रॉप्ड’, ‘इन्सर्टेड’ आकडे बघत राहा. तासात दोनचार ठीक, शंभर झाले तर केबल, हेड, ट्रॅकिंग तपासा. हिस्टोग्राम चालू करून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असं लावा की पांढरी साडी आणि काळा कोट, दोन्ही टोकांना लाल पट्टी येणार नाही. इथे कापलेला पांढरा नंतर परत येत नाही.

जागेचा हिशेब: न दाबता तासाला ७५ जीबी, हफवाययूव्हीत साधारण ३०-३५. ३४ कॅसेट दोन तासांच्या धरल्या तर दोन टीबीच्या वर. म्हणून एकावेळी दोन-तीन कॅसेट घ्या, अंतिम फाइल करा, तपासा, मग मूळ पुसा. एसएसडीवरच रेकॉर्ड करा, बाहेरची डिस्क त्याच यूएसबी हबवर लावू नका. स्लीप आणि अपडेट बंद.

अंतिम फाइल: एव्हीसिंथमधल्या क्यूटीजीएमसीने ५० फ्रेमवर डीइंटरलेस (प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करणं). ते जड वाटलं तर एफएफएमपेगचा बीडब्ल्यूडिफ, प्रत्येक फील्डमागे एक फ्रेम. फील्डचा क्रम कॅप्चरला बहुधा वरचं आधी, डीव्हीला खालचं आधी. उलटं झालं तर माणसं पुढे-मागे थरथरतात. मग एक्स२६४ मध्ये दाबा, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १७. तळाशी आठ-दहा रेषांचा फाटका पट्टा दिसेल, हेड बदलण्याच्या जागेचा, तो काळा करा, कापू नका. प्रमाण ४:३ ठेवा, रुंद टीव्हीवर ताणून आजोबांना जाड करू नका.

शटरस्पीड

तीन गोष्टी राहिल्या. व्हीसीआरच्या अँटेनाच्या गोल खाचेतून सिग्नल घेऊ नका, पिवळ्या आरसीएमधूनच. प्रत्येक कॅसेट आधी पूर्ण फॉरवर्ड-रिवाइंड करून घ्या, वर्षानुवर्षं एका ताणावर बसलेली फीत मोकळी होते. आणि ऑटो ट्रॅकिंग प्रत्येक दृश्यबदलाला शोधाशोध करत असेल तर हाताने लावा.

जर्सीकर

कॅसेटवरच्या चिठ्ठीचे, कव्हरवरच्या पेनने लिहिलेल्या नावांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. ‘वरातीत निळ्या शर्टातले कोण’ हे पुढच्या पिढीला चिठ्ठीवरूनच कळेल.

बेल्टदुरुस्त

फीतसंग्राहक, यादी बरोबर आहे. रेकॉर्डर नाही मिळाला तरी सुरुवात करा, ज्या कॅसेटवर रेषा हलतात तेवढ्या बाजूला काढून ठेवा. सुरुवात सगळ्यात कमी महत्त्वाच्या कॅसेटने, बुरशीच्या शेवटी, दर पाच-सहा कॅसेटनंतर हेड पुसायचं. आणि पहिली कॅसेट आत घालण्याआधी चिठ्ठी लावतात त्या कडेची छोटी प्लास्टिकची जिभली सगळ्या ३४ कॅसेटवर बघा. जिथे शाबूत असेल तिथे स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका. रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं तरी व्हीसीआर कॅसेट बाहेर काढेल, लग्न पुसलं जाणार नाही.

फीतसंग्राहक

आत्ताच बघितलं. ३४ पैकी ११ वर जिभली शाबूत होती. तोडल्या.